पहिली जुनी गाडी घेताय? आधी मिस्त्री शोधा

आमच्या दारासमोर दोन वर्षं एक जुनी गाडी, स्टँडर्ड हेराल्ड, विटांवर उभी होती. ती माझी होती. तिच्या मागच्या सीटवर मांजरीने दोनदा पिल्लं घातली, आणि येणारा-जाणारा एकच विचारायचा, ‘भाऊ, कधी सुरू होऊन राहिली?’ ती कधीच सुरू झाली नाही. शेवटी इंदूरचे एक गृहस्थ आले आणि ती ट्रकवर घालून घेऊन गेले. मी दिले होते त्याच्या निम्मे पैसे हातात आले.

दोष गाडीचा नव्हता. मीच चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली होती. रंग आवडला, ‘इंजिन फक्त बांधायचं बाकी आहे’ यावर विश्वास ठेवला, कागदाचं नंतर बघू म्हटलं, आणि मिस्त्री काय, नागपुरात ढिगाने आहेत! त्यानंतर घेतलेली पद्मिनी मात्र आज अकरा वर्षं चालते आहे. तिच्या वेळी हाच क्रम उलटा केला. आधी मिस्त्री, मग कागद, मग पत्रा आणि सगळ्यांत शेवटी इंजिन.

गाडी घेऊन करणार काय?

हा प्रश्न घरच्यांनी विचारायच्या आधी स्वतःला विचारा. रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्समधून एक चक्कर, तर्री पोहे, महिन्यातून एकदा रामटेक किंवा सेवाग्राम, वर्षातून एकदा एखादी रॅली, एवढं हवं असेल तर आज चालत असलेली गाडी घ्या. गाडी उघडून, पसरून, एकेक नट घासून पुन्हा बांधायची हौस असेल तर तो वेगळा छंद आहे. त्याला वेगळी जागा, वेगळा पैसा आणि वेगळी बायको लागते. पहिल्या गाडीला हे दोन्ही छंद एकत्र करायला जाऊ नका. माझी हेराल्ड त्यातच गेली.

‘व्हिंटेज’ हा शब्दही इथेच नीट समजून घ्या, कारण विकणारे तो १९९५ च्या गाडीलाही लावतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज धरली जाते. अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्यात एक मेख आहे. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रविवारच्या पोह्यांचा त्या यादीत उल्लेख नाही. म्हणून वापरायला गाडी हवी असेल तर साधी, जिवंत, खासगी नोंदणी असलेली गाडीच बरी. ती दहा वर्षं कमी जुनी असली तरी चालेल.

आधी मिस्त्री

आजच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोराला कॉम्प्युटर लावायला जागा दिसली नाही की तो गाडीला हातच लावत नाही. तुम्हाला लागणारा माणूस वेगळा. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पत्त्यांच्या जाडीवरून लावणारा, पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा आवाज ऐकून स्क्रू पाव आटा फिरवणारा. असे उस्ताद नागपुरात अजून आहेत. घाट रोडच्या बाजूला, कामठी रोडवर, मोमिनपुऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत. पण बरेच साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत.

शोधायची पद्धत सोपी आहे. शहरात जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर चालवणारा कोणी दिसला की थांबवा आणि विचारा. जुन्या गाडीवाल्याला थांबवल्याचा राग येत नाही. तीन-चार जणांकडून एकच नाव आलं की त्या गॅरेजवर जा आणि लगेच गाडीचं बोलू नका. तिथे उभ्या असलेल्या गाड्या बघा. एकच गाडी सहा महिने त्याच जागी धूळ खात असेल तर कारण विचारा. कधी मालकानेच पैसे दिलेले नसतात, कधी उस्तादांच्याच हातून काम होत नसतं.

मग त्यांनाच विचारा, ‘मी कोणती घेऊ?’ आमच्या मिस्त्रींचं उत्तर मला अजून पाठ आहे. ‘भाऊ, जे गाडी मी डोळे मिटून खोलू शकतो, ते घे. बाकीच्या गाड्याईचे फोटो पाह्य.’ त्यांचा हात फियाटवर बसलेला होता. म्हणून मी फियाटच्याच वंशातली पद्मिनी घेतली. जीपवाले उस्ताद भेटले असते तर आज मी जीपवाला असतो.

दोन माणसं आणखी लागतील. चांगला डेंटर आणि जुनी वायरिंग समजणारा ऑटो इलेक्ट्रिशियन. डेंटर शोधणं सगळ्यांत अवघड, कारण पुट्टी भरणारे खूप आणि पत्रा ठोकणारे थोडे.

कोणती गाडी?

पहिल्या गाडीसाठी माझं मत पद्मिनीला. तिचा वंश असा: १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, मग १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला बनायची. १,०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि हात सगळीकडे पोहोचतो, शिकणाऱ्याला आणखी काय हवं? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे सुट्या भागांचा मोठा साठा तयार झाला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तरी माल अजून निघतो. ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून कुरिअरने नागपूरला येतो. तिच्या आधीच्या, गोल पाठीच्या ‘डुक्कर फियाट’वर मात्र पहिल्याच खेपेला जीव लावू नका. दिसायला गोड, पण तिच्या काचा आणि पट्ट्या शोधता शोधता चपला झिजतात.

अॅम्बेसेडर आणि नागपूर यांचं नातं मंत्र्यांमुळे. हिवाळी अधिवेशनात विधान भवनाच्या परिसरात पांढऱ्या अॅम्बेसेडरची रांग लागायची ते दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना दुसरी गाडी सांगून उपयोग नाही. मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५८ च्या सुमारास बनायला लागली आणि मे २०१४ मध्ये थांबली. पण ‘अॅम्बेसेडर’ म्हणजे एक गाडी नव्हे. १,४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन असलेल्या मार्क टू किंवा मार्क थ्रीमध्ये रूप आहे आणि संथपणा आहे. नव्वदच्या दशकात आलेल्या इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोलमध्ये पाच गिअर आहेत, ती आजच्या हायवेवर लाजत नाही. शौकिनांना ती ‘खरी’ वाटत नाही, पण पहिली गाडी म्हणून मी तीच सुचवेन. सुटे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून येतात. एकच काळजी घ्या. बऱ्याच अॅम्बेसेडर टॅक्सी म्हणून राबलेल्या असतात, आणि बऱ्याच पेट्रोल गाड्यांत कोणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं. त्याबद्दल पुढे कागदांच्या भागात.

मारुती ८०० ला जुनी म्हटलं की आमच्या पिढीला वाईट वाटतं, पण डिसेंबर १९८३ मध्ये आलेली पहिली चपट्या चेहऱ्याची एसएस ८० आता चाळिशी ओलांडून गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. याच घराण्यातलं इंजिन पुढे ओम्नीतही बसल्याने यंत्राचं काम गल्लीतला कोणीही करतो. अडचण काच, दिवे आणि ग्रिलची. १९८६ मध्ये गाडीचं अंगच बदललं, त्यामुळे नंतरच्या गाडीचं सामान लागत नाही. एसएस ८० घ्यायचीच तर पूर्ण घ्या. एक हेडलाइट कमी असलेली घेऊ नका, तो हेडलाइट तुम्हाला वर्षभर फिरवेल.

काँटेसा १९८४ ची, व्हॉक्सहॉलच्या सांगाड्यावरची. रुबाब मोठा. सुरुवातीच्या गाड्यांत अॅम्बेसेडरचंच छोटं इंजिन होतं, ते त्या अंगाला पुरत नाही, म्हणून इसुझूवाली बघा. बॉडीचं सामान दुर्मिळ. जीप घेणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की विदर्भातल्या जीपांपैकी कित्येक जंगलात, शेतात, कोळशाच्या खाणीत घासलेल्या असतात, आणि चेसिस कापून आखूड किंवा लांब केलेली असते. हेराल्डबद्दल मी बोलणं बरोबर नाही. बीटल, जुनी मर्सिडीज वगैरे परदेशी गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला.

कागद: इथे घाई केली तर गाडी शोपीस होते

गाडी बघायला जायच्या आधी आरसीचा फोटो मागवा. ‘आल्यावर दाखवतो’ म्हणणाऱ्याकडे जायचा पेट्रोलचा खर्चही करू नका.

पहिला प्रश्न मालकाचा. आरसीवर ज्याचं नाव आहे तोच समोर बसून सही करणार आहे का? जुन्या गाड्यांच्या बाबतीत बहुतेकदा मालक वारलेले असतात आणि विकणारा मुलगा, पुतण्या किंवा भाडेकरू असतो. मग आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, बाकीच्या वारसांची संमती हवी, आणि मग तुमच्या नावाने फॉर्म २९ आणि ३०. माझ्या पद्मिनीचे मूळ मालक वारले होते. तीन मुलं, त्यातला एक पुण्यात, एक अमेरिकेत. त्यांच्या संमतीपत्रांना सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी फक्त बयाणा दिला होता आणि लिहून घेतलं होतं की नाव झाल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत. हेच करा. ‘सह्या केलेले कोरे फॉर्म आहेत, बाकी एजंट बघेल’ हे वाक्य ऐकलं की चहा घेऊन निघा.

दुसरा प्रश्न नोंदणीच्या मुदतीचा. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते, हा समज नागपुरात फार पक्का आहे. दिल्ली परिसरात पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांचं बंधन आलं, त्या बातम्यांतून तो इथे आला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. शुल्क मात्र आता टोचतं. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये केलं, परदेशी गाडीला त्याच्या कितीतरी पट. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपून कित्येक वर्षं झालेली गाडी स्वस्त दिसते ती यामुळेच. उशिराचा दंड, कर आणि शुल्क यांची बेरीज आरटीओत विचारून घ्या आणि ती किमतीतून वजा करा.

तिसरा प्रश्न, गाडी ऑनलाइन दिसते का? परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. इंग्रजी अक्षरांचा जुना नंबर असलेल्या, पुस्तकी आरसीच्या गाड्या पुष्कळदा तिथे चढलेल्याच नसतात. मग जिथे नोंदणी झाली त्या आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. ते कार्यालय नागपूरचं असेल तर फेऱ्या परवडतात. दूरच्या जिल्ह्यातली गाडी असेल तर ही एंट्री आणि फॉर्म २८ ची एनओसी, दोन्ही विकणाऱ्याने करून द्यायचं, असं ठरवूनच घ्या. एनओसी आणताना शहर म्हणून ‘नागपूर’ पुरत नाही. तुमचा पत्ता एमएच ३१ मध्ये येतो, एमएच ४९ मध्ये की ग्रामीणच्या एमएच ४० मध्ये, हे आधी माहीत करून घ्या.

चौथा, नंबर जुळतात का? पेन्सिल आणि पातळ कागद खिशात ठेवा. चेसिसवर पंच केलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. रिव्हेट मारलेली पट्टी पुरावा नव्हे, ती बदलता येते. इंजिन नंबर वेगळा निघाला किंवा आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर बदलाची आरटीओत नोंद झालेली हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि तपासणीला गाडी नेली की तो तिथेच सापडतो. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, त्यामुळे हे काम वाटतं त्याहून लांबतं.

पत्रा

आमच्या मिस्त्रींचं दुसरं वाक्य: ‘इंजिन आपण खोलू, बांधू, पुन्हा खोलू. सडलेल्या पत्र्याले काय खोलता?’

पद्मिनी आणि अॅम्बेसेडर या दोन्हींना वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणजे खालचा पत्रा सडला की ती नुसती शोभेची बाब राहत नाही, स्प्रिंग आणि चाकं जिथे बसतात तीच जागा कमकुवत होते. जीप आणि हेराल्डला स्वतंत्र चेसिस असते, तिथे बॉडीचा गंज थोडा कमी भीतीचा, पण चेसिसचे बाहेर आलेले हात ठोकून बघावेच लागतात.

विदर्भाचं ऊन इथे तुमच्या बाजूने आहे. आपल्याकडची हवा वर्षातले आठ-नऊ महिने कोरडी. मुंबईची किंवा कोकणातली गाडी बाहेरून चकाकते आणि आतून बिस्किटासारखी भुगा होते. नागपूर, अमरावती, अकोल्याकडची गाडी उलट असते. रंग उडालेला, डॅशबोर्डला भेगा, रबर वाळून कडक, पण पत्रा ठणठणीत. अशी कुरूप गाडी घ्या. रबर विकत मिळतं.

गाडी बघायला जाताना फडक्यात गुंडाळलेला साधा लोहचुंबक, टॉर्च, जुनं स्क्रू ड्रायव्हर आणि अंगावर खराब झाला तरी चालेल असा शर्ट. चुंबक दाराच्या खालच्या भागावर, चाकांच्या कमानींवर, हेडलाइटच्या खाली फिरवा. जिथे तो घसरून पडतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. थोडी पुट्टी चाळीस वर्षांच्या गाडीला असणारच. हाताच्या पंजाएवढी सलग असेल तर विचारात पडा.

मग पायाखालचं मॅटिंग उचला. विकणाऱ्याला आवडणार नाही, तरी उचला. पुढच्या दोन सीटच्या पायाखालचा पत्रा, दारांखालची लांब पेटी, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीची खोबण, आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंग जिथे बॉडीला धरतात त्या जागा, एवढं टॉर्चने बघायचंच. संशय येईल तिथे स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचा. खाली ताज्या काळ्या डांबरी रंगाचा जाड थर दिसला तर मी तरी दोन पावलं मागे येतो. अंडरकोटिंग चांगलं असतं, पण विकायच्या आदल्या आठवड्यात केलेलं अंडरकोटिंग वेगळ्या कारणासाठी असतं.

दारं बंद करून बघा. दार उचलून लावावं लागत असेल तर एक तर बिजागरी झिजली आहे, नाहीतर खालची पेटी खचून दाराची चौकट वाकडी झाली आहे. बिजागरीचा खर्च किरकोळ. दुसरं असेल तर व्यवहार तिथेच सोडा, गाडी कितीही आवडलेली असो.

इंजिन आणि चालवून बघणं

फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्हाला थंड इंजिनाचा स्टार्ट दाखवायचा नव्हता एवढं कळलं. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाची साय किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅसकेट गेलं आहे किंवा त्याहून वाईट काही.

सुरू झाल्यावर धूर बघा. चोक ओढलेला असताना काळसर धूर क्षम्य. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून धूर फुसफुसत बाहेर येत असेल तर मिस्त्री म्हणतात, ‘बॅक कॉम्प्रेशन मारून राहिली.’ रिंगा झिजल्या. मिस्त्रीला सोबत नेलं असेल, आणि न्यायलाच हवं, तर कॉम्प्रेशन गेज लावून बघायला सांगा. आकडा किती आहे यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का ते महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर इंजिनाच्या कामाचे पैसे किमतीतून काढा.

इंजिनाला मी शेवटी ठेवलं ते याचसाठी. थकलेलं इंजिन हा भाव पाडायचा मुद्दा आहे, गाडी नाकारायचा नाही. बोअर करता येतं, पिस्टन मिळतात, क्रँक लेथवर घासून मिळतो.

चालवायला माझा ठरलेला रस्ता सेमिनरी हिल्सचा. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरतो का, उतारावर पाय काढल्यावर गिअर स्वतःहून निसटतो का, हे दोन्ही तिथे कळतं. मग तेलंगखेडीकडे उतरून अमरावती रोडला वाडीच्या दिशेने थोडा वेग घ्या. पन्नास-साठला स्टिअरिंग थरथरत असेल तर टाय रॉड, किंग पिन किंवा चाकांचं बॅलन्सिंग. ब्रेक मोकळ्या जागीच तपासा. जुन्या पद्मिनी-अॅम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम आहेत आणि बूस्टर नाही, आजच्या गाडीची सवय असलेल्या पायाला पहिल्यांदा ब्रेकच नाहीत असं वाटतं. त्याची सवय होते. पण दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते सवयीचं काम नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, दहा वर्षांचं टायर बदलायचं.

परत येताना मुद्दाम संध्याकाळी बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीतून या. सिग्नलला रांगेत दहा मिनिटं उभं राहिल्यावर तापमानाचा काटा कुठे जातो, ते विकणाऱ्याने सांगितलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा खरं असतं.

मे महिन्यातली परीक्षा

जमलं तर गाडी मे महिन्यात बघायला जा. डिसेंबरच्या सकाळी सगळ्याच गाड्या गोड चालतात. पंचेचाळीस अंशात दुपारी जी व्हरायटी चौक ओलांडते, ती खरी.

उन्हात जुन्या गाड्या बंद पडतात त्यातल्या निम्म्या वेळा इंजिन निर्दोष असतं. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला, त्याच्या शेजारी इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तापलेला मॅनिफोल्ड. नळीतलं पेट्रोल पंपातच उकळतं, वाफ होते, आणि द्रव ओढायला बनवलेला पंप वाफ ओढू शकत नाही. अॅम्बेसेडरचे जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं बांधून ठेवायचे, त्यामागे हेच कारण. फडकं अजूनही चालतं. कायमचा उपाय हवा तर मॅनिफोल्ड आणि पंप यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा, पेट्रोलची नळी गरम भागापासून दूर वळवून घेणं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. कार्बोरेटरला फार थोडा दाब लागतो. नव्या गाडीचा इंजेक्शनवाला पंप लावला तर कार्बोरेटर ओसंडून वाहील आणि आगीला आमंत्रण.

त्यात आता पेट्रोल भरायच्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते जुन्या रबराला मऊ करतं, पंपाचा पडदा खातं, आणि ओलावा ओढून घेत असल्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतं. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल सोसणारी घाला आणि मध्ये पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे टाकीतून काय येतंय ते दिसतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

रेडिएटर सोल्डर काढून आतून साफ करून घ्या, नुसतं पाणी मारून होत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, कोणीतरी काढून टाकलेला असण्याची शक्यता मोठी. ‘आपल्या उन्हात कायले पाह्यजे?’ असं मिस्त्रीच म्हणतात. इथे मी त्यांचं ऐकत नाही. जानेवारीत पारा दहावर आला की थर्मोस्टॅट नसलेली गाडी तापता तापत नाही, आणि थंड इंजिन जास्त झिजतं.

भाव आणि विमा

किंमत ठरवायला एकच हिशेब. जेवढे पैसे एकूण आहेत त्यातले दोन तृतीयांश गाडीला, एक तृतीयांश पहिल्या वर्षाला. पूर्ण पैसे गाडीत घातले की गाडी मिस्त्रीकडे अडकते आणि मिस्त्री तुमच्याकडे बघत बसतो. किमती इंटरनेटवर बघू नका, तिथे मागणी दिसते, व्यवहार दिसत नाही.

थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच. पूर्ण विमा घेताना लक्षात ठेवा की इतक्या जुन्या गाडीची विम्याची रक्कम कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. फोटो, बिलं आणि सर्व्हेअरचा अहवाल जोडून ती लिहून घ्या, नाहीतर भंगाराच्या भावाने पॉलिसी निघते. पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आणि हायवेला निघणार असाल तर फास्टॅग, हेही लगेच उरकून टाका.

पहिले दोन महिने

सगळी तेलं बदला, विकणाऱ्याने कालच बदलली असली तरी. चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर खोलून बघा. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा. चाळीस वर्षांची वायरिंग आणि उंदरांनी कुरतडलेली टोकं एकत्र आली की काय होतं ते मी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पाहिलंय. रंगाला हात लावू नका. पहिलं वर्षभर गाडी आहे त्या रंगात चालवा. काय काय गळतं, वाजतं, निसटतं ते सगळं बाहेर आलं की मग.

लांबच्या फेरीला रामटेक उत्तम. कामठी, कन्हानचा पूल, मनसरला वळण, जेमतेम पन्नास किलोमीटर. रस्ता मोकळा आणि अर्ध्या वाटेत काही झालं तर परतीचा मार्ग जवळ. सकाळी साडेपाचला निघा, नऊच्या आत गडाखाली गाडी सावलीत लावा. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा एक जोड, पाच लिटर पाणी, दोरी आणि ते फडकं. आणि वर जाऊन आल्यावर कोणीतरी गाडीभोवती उभं असेल, बहुतेक एखादे आजोबा. त्यांच्याकडे हीच गाडी होती, कोणत्या रंगाची आणि कशी गेली, ते सांगायला त्यांना अर्धा तास लागतो. परतीचा वेळ काढताना तो अर्धा तास धरून ठेवा.